तिसरी वाजली तर

"एक वाजली, खुशाल हाय.
दोन वाजल्या, बोलायचं हाय.
तिसरी कधी वाजू नाय,
वाजली तर... न्यायला जाय."

अम्मीचा हा आवाज मी पाच वर्षांची असताना ऐकलेला. बाबा तेव्हा कुवेतला होते आणि फोन महाग होता. रोज असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजानंतर आमच्या फोनची घंटी एकदा वाजायची आणि बंद व्हायची. कोणी उचलायचं नाही. एक घंटी म्हणजे बाबा सुखरूप. दोन म्हणजे उलट फोन लावा. तीन म्हणजे माणूस संकटात आहे, त्याला घरी आणा. आम्हा तिघा भावंडांना पाठ व्हावं म्हणून अम्मी ते भाकरी थापताना गायची.

तिसरी कधी वाजली नाही.

जून २०२१ पर्यंत.

विश्वास ठेवणं न ठेवणं तुमच्याकडे. मी त्या घरात होते. चौक गावात, जुन्या हायवेच्या मागच्या आळीत. रात्रही नव्हती. अंगणात कपडे वाळत होते.

मी नमिरा. बाबा आता नाहीत. मोठा हारूनभाई आणि धाकटा तौकीर, दोघं कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर. एका खोलीत सहा जण. व्हिडिओ कॉल आले तरी अम्मीनं घंटीची पद्धत मोडली नाही. व्हिडिओत माणूस हसून खोटं बोलतो, म्हणायची. तौकीर तर मुद्दाम दोन घंट्या द्यायचा. अम्मीनं घाबरून फोन लावला की विचारायचा, आज कालवण काय केलंस?

२०२० च्या जूनमध्ये तिकडे सगळं बंद होतं. भाई फोनवर सांगायचा, मास्क लावतो, बाहेर पडत नाही. तौकीर कुठाय विचारलं की, झोपलाय.

दुसऱ्या दिवशीही... झोपलाय.

पण असरनंतर त्याची एक घंटी रोज यायची. अम्मी निवांत व्हायची.

वीस जूनला घंटी आली नाही. आला तो भाईचा फोन. तौकीर इस्पितळात वारला. माती तिकडेच दिली.

पावसाळा सरताना भाई खास विमानानं घरी आला, सोबत एक कागद घेऊन. मृत्यूची तारीख होती नऊ जून.

मी ती दोनदा वाचली. मग पुढचे दहा दिवस घंटी कोण देत होतं?

भाई म्हणाला, तिकडचे कारकून चुकतात. तौकीरचा फोन म्हणे इस्पितळातच हरवला. अम्मीला वाचता येत नाही. मी कागद घडी करून कपाटात ठेवला. ती मात्र रोज एकच विचारायची, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं रं? भाई उठून जायचा.

वर्ष गेलं.

एका सोमवारी, असरनंतर, अम्मीचा फोन वाजला.

एकदाच...

पडद्यावर नाव होतं, तौकीर.

भाईचा चहा हातातच राहिला. नंबर दुसऱ्या कोणाला दिला असेल, तो म्हणाला. अम्मी फोन पदरानं पुसत बसली.

मंगळवारी दोन वाजल्या.

अम्मीनं उलट फोन लावला. मी कान जवळ नेला. कोणी बोललं नाही. फक्त लाकडावर बोटांचा आवाज...

टक. टक. टक.

मग खोकला. कोरडा.

अम्मीनं फोन खाली ठेवला आणि भाईकडे बघितलं. 

बुधवारी दुपारी ठाकरवाडीची चिंधी शेवळांची रानभाजी विकायला आली. दरवर्षी येते, पायरीवर बसते, टोमणे मारते. जुड्या सोडता सोडता मला म्हणाली, "मागल्या खोलीत कोन हाय गं? मगाधरनं पानी मागतोय. घरात मानूस ठेवून त्याला पानी बी देत नाय व्हय?"

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. भाईची कुवेतहून आणलेली बॅग होती फक्त.

असर झाली.

एक...

दोन...

आणि तिसरी.

तेवढ्यात मागच्या खोलीतही एक फोन वाजू लागला. तौकीरची रिंगटोन. आम्ही तिघांनी ओळखली.

भाई धावत आत गेला. बॅग ओढल्याचा आवाज आला. रिंगटोन थांबली.

दार लागलं.

बाहेरची कडी... बाहेरून लागली.

मी अंगणाच्या दाराशी होते. अम्मी जानमाजवर, नमाजाच्या चटईवर होती. कडीजवळ कोणी नव्हतं.

"नमिरा, कडी काढ." भाई आतून दार वाजवत होता. टक. टक. टक. अगदी तसंच.

मी कडीला हात लावला. ती इतकी तापली होती की हात मागे आला. जूनमधल्या ढगाळ दिवशी, सावलीतली कडी.

"अडकलीय," मी म्हणाले.

अम्मी उठून आली. शेजाऱ्यांना बोलावलं नाही. दारासमोर फतकल मारून बसली.

"हारून, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं रं?"

"अम्मी, आत हवा नाय. आधी दार उघड."

"आधी सांग."

तो शिव्या देत राहिला. मग विनवत राहिला. मग खोकायला लागला, कोरडा. पाणी मागू लागला. मध्येच म्हणाला, माझ्याशेजारी कोणीतरी बसलंय गं... आणि एकदम लहान मुलासारखा बोलत सुटला.

तौकीरला ताप आला होता. कळलं असतं तर सहाही जणांना उचलून नेलं असतं, काम गेलं असतं. म्हणून भाईनं त्याला गच्चीवरच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. त्यानं कोणाला फोन लावू नये म्हणून फोन काढून घेतला. असरला अम्मीला एक घंटी भाईच देत होता.

"तो दार वाजवत होता, अम्मी. दोन दिवस. मी कडी काढली नाय."

अम्मी रडली नाही. पुन्हा जानमाजवर जाऊन बसली.

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली आणि कडी आपोआप खाली पडली.

भाई जिवंत बाहेर आला. नखं तुटलेली, आवाज गेलेला. आवाज अजून परतलेला नाही. हातात तौकीरचा फोन होता, फुगलेल्या बॅटरीचा, सिम नसलेला. कडी तापली होती, पण तो मला थंड लागला.

त्या दिवसापासून भाई ओटीवर झोपतो. भर पावसातही. कुठलंच दार लावू देत नाही. कोणी चुकून लावलं तर कानांवर हात दाबून बसतो.

असरला घंटी अजून येते. एकच. "खुशाल हाय," अम्मी म्हणते आणि कामाला लागते. मी नंबर बंद करायला सांगून पाहिलं. असा नंबर चालूच नाही, कंपनीवाले म्हणाले.

काल मात्र ती अम्मीच्या फोनवर आली नाही.

माझ्या फोनवर आली. दोन वाजल्या.

मी उलट फोन लावला नाही. काय बोलायचंय ते मला ठाऊक होतं. रात्रभर तळहाताला तो चटका जाणवत राहिला.

आज सकाळी अम्मी भाकरी थापत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"अम्मी, त्या दिवशी मी पहिल्यांदा हात लावला तेव्हाच कडी तापलेली होती. मग मी पदर धरून परत हात लावला. ती हलत होती. सहज निघाली असती.

मी काढली नाय."