उत्पलाच्या वाफ्यातला अडुळसा

मंगळावरच्या तळाच्या प्रयोगशाळेत रेणुवेचकाचा पडदा उजळला आणि डॉ. माधव टिपणीसांच्या पोटात दुखू लागलं. रेणुवेचक म्हणजे अर्कातली रसायनं एकेक करून वेगळी काढणारं आणि ओळखणारं यंत्र. आलेखावर नव्या रेणूचं शिखर उभं होतं, आणि अर्क होता उत्पला सामंतच्या वाफ्यातल्या अडुळशाचा. कालपरवा तळावर संशोधनाला आलेली पोरगी!

मंगळाच्या धुळीने तळावरचा प्रत्येक जण खोकत होता. पृथ्वीवरचा अडुळसा या खोकल्यावर लागू पडायचा, इथे उगवलेला पडत नव्हता. त्यात नेमकं काय कमी आहे, हे हुडकायला टिपणीसांनी जिवाचं रान केलं होतं. सापडेल त्या रेणूला आपलंच नाव मिळणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांची रोपं कशी तजेलदार, पानावर डाग नाही. आणि शिखर उगवलं हिच्या मरतुकड्या रोपांत!

मरतुकडी का, हे मात्र त्यांना पुरतं ठाऊक होतं. उत्पला आल्यापासून जो तो तिचं कौतुक करायचा आणि ह्यांचा नुसता जळफळाट. मग रोज चहाच्या वेळी तिच्या वाफ्याशी रेंगाळायचं, खोकला दाबायला डबीतली लवंग काढायची, नखाने तिचं बोंड मोडायचं, आणि त्याच नखाने दोन-चार कोवळी पानं चिरायची. शोभतं का हो हे पन्नाशीच्या शास्त्रज्ञाला? पण करत होते खरे.

शेजारी उभ्या असलेल्या उत्पलाने त्यांना शांतपणे उलगडून सांगितलं. पृथ्वीवर अळ्या पानं कुरतडतात, आणि जखम झाली की झाड बचावासाठी हा रेणू तयार करतं. इथे कीडच नाही, मग झाड कशाला कष्ट घेईल?

"म्हणजे माझ्या वाफ्यात..." टिपणीस पुन्हा आलेखाकडे वळले.

"तिथे तुम्ही एक पानही दुखावलं नाहीत, सर." तिने आलेखाच्या कडेचं बारीक शिखर दाखवलं. "हे अडुळशातलं नाही. यंत्र म्हणतंय, लवंगेचं तेल."

टिपणीसांनी उजवा हात पाठीमागे नेला.

"तुमच्याशिवाय हा शोध लागलाच नसता. निबंधात पहिलं नाव तुमचंच," ती म्हणाली. तिने कोरा पडदा त्यांच्यापुढे सरकवला. "फक्त जखमा कशा केल्या आणि का केल्या, ते तुम्हीच लिहा. पद्धत कळल्याशिवाय औषध दुसऱ्या कुणाला करता यायचं नाही."

शेजारच्या खोलीत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. टिपणीसांनी सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'साधन: अंगठ्याचं नख.' मग 'कारण' एवढंच लिहून ते कितीतरी वेळ बसून राहिले.