तिन्हीसांजेचं स्टेशन

वीज गेली, फोनांनी माना टाकल्या, म्हणून त्या रात्री न्खाटा बे गावी, तळ्याच्या धक्क्यावर हरावा आजोबांना श्रोते मिळाले. एरवी कोर्टातल्या निवृत्त कारकुनाचं ऐकायला पोरांना वेळ कुठला?

"हे माझ्या शेजाऱ्याच्या, झेब्रॉन म्फांडेच्या घरी घडलं," आजोबा म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी, जूनची अठरा तारीख. त्याच्या बायकोला विचारा. ती मला खोटारडा म्हणते, पण हे नाकारत नाही."

झेब्रॉन त्या दिवशी रेडिओसाठी सेल आणायला बाजारात गेला होता. मुठीत मावेल एवढा रेडिओ आणि एरियल म्हणून आंब्याच्या झाडावर फेकलेली तांब्याची तार, हा त्याचा संसार. बायको वरकड. सूर्य डोंगराआड गेला की काळोख पडेपर्यंतच्या घटकेत त्या रेडिओवर लांबलांबची स्टेशनं लागत. दिवसभर ज्यांचा पत्ता नसे, ती उजेड-अंधाराच्या शिवेवरून सरकत येत. मादागास्करची बोलणी, हिंदी गाणी. काळोख झाला की विरून जात.

परतताना रस्त्यावर हिरव्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. पुढे मयत आहे, गाड्या हळू हाका, ही आमच्याकडची खूण. झेब्रॉननं टोपी काढली आणि घरी आला.

तिन्हीसांजेला तो घरामागे, त्या आंब्याजवळ, तळ्याकाठच्या खडकावर बसला. काटा फिरवला. जिथे कधीच काही लागत नाही, तिथे एक आवाज लागला. तळ्यापलीकडून. आणि चक्क आपल्या तुम्बुका भाषेत. मयतांच्या बातम्या वाचत होता.

"...झेब्रॉन म्फांडे, न्खाटा बे. दफन उद्या, सूर्य मावळताना. नातेवाइकांनी नोंद घ्यावी."

इतक्या शुद्ध भाषेत सरकारसुद्धा माणसाला मारत नाही.

चहा घेऊन आलेली न्यालोंग्वे, त्याची बायको, मागे थिजून उभी होती. "अहो... तुम्ही मेलात?"

"मला तरी कुणी कळवलेलं नाही."

"चेष्टा पुरे. उद्या रेडिओ लावायचा नाही. ऐकलंत तर खरं होईल."

तिनं चर्चचे न्गोमाबुवा बोलावले. बुवा म्हणाले, "उद्या सूर्य मावळेपर्यंत चर्चमध्ये बस. दारं बंद करून प्रार्थना करू."

"दारं बंद करून? शवपेटीची सवय व्हावी म्हणून?"

"झेब्रॉन, जिवाशी खेळ आहे!"

"जीव माझा आहे ना? मग मेलो की नाही, हे त्या आवाजानं माझ्या तोंडावर सांगावं. मी खडकावरच बसणार."

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला. मेलोच तर लोकांची गैरसोय नको, म्हणाला. न्यालोंग्वे रडत त्याच्या बाजूला बसली. बुवा आंब्याखाली उभे राहिले, पळता येईल इतक्या अंतरावर.

सूर्य टेकला. हिंदी गाणं आलं. गेलं.

मग खरखर.

मग तो आवाज.

"...झेब्रॉन म्फांडे. दफन आता..."

"खोटं!" झेब्रॉन रेडिओवर ओरडला. "इथे बसलोय मी! जिवंत! ऐकू येतंय का?"

रेडिओला कुठले आले कान? रेडिओ बोलतो, ऐकत नाही. हे झेब्रॉनलाही ठाऊक होतं.

आवाज थांबला.

तळंही थांबल्यासारखं झालं.

कागद उलटल्याचा आवाज आला... एक... आणखी एक...

"म्फांडे म्हणतात, खोटं."

न्यालोंग्वेनं त्याचा हात घट्ट धरला. बुवा आंब्याखाली नव्हतेच.

"...दफन... पुढे ढकललं आहे."

काळोख झाला. खरखर उरली.

आजोबांनी काठी बाजूला ठेवली. पोरांपैकी कुणीसं हळूच विचारलं, "मग मेला का तो?"

"मेला? काल संध्याकाळीच मला शिव्या घातल्या त्यानं. माझ्या खोकल्यानं मादागास्कर बुडालं म्हणे. रोज बसतो खडकावर. ते स्टेशन पुन्हा लागलं नाही."

"मग झालं तर!"

"त्या रात्रीनंतरच्या सकाळी त्याच्या दारापुढे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, तशाच हिरव्या फांद्या टाकलेल्या होत्या. मिनीबस हळू गेली, ड्रायव्हरनं टोपी काढली. झेब्रॉननं त्याला हाक मारली, 'घाल ती टोपी, सर्दी होईल!' फांद्या चुलीत घातल्या. एक तेवढी ठेवली. आंब्यावर चढून तारेच्या टोकाला बांधली. म्हणाला, बघू दे त्या स्टेशनवाल्यांना, मी अजून कुठे आहे ते."

आजोबांनी काठी उचलली.

"उजाडल्यावर जाऊन बघा. तीन वर्षं झाली, तीन उन्हाळे गेले. अजून हिरवी आहे."