रंगनाथची साइट

ही घटना खरी आहे. रुपाली आजही वारज्यात राहते. विचारलं तर विषय बदलते.

२०१६चा ऑगस्ट. गुरुवारची दुपार.

ऑफिसात तिनं एक छोटी कोड लायब्ररी वापरायला घेतली होती. पत्ता द्यायचा, ती सांगणार, वेबसाइट चालू आहे की बंद. रुपालीची एक सवय होती. 'बंद' हे उत्तर नीट येतं का, हे पाहायला ती आधी हमखास बंद असलेली साइट द्यायची.

तिनं रंगनाथची दिली.

रंगनाथ तिचा जुना सहकारी. त्याची साइट वाघोलीतल्या त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरूनच चालायची. वाटणीच्या भांडणात थोरल्या भावानं, कोंडीरामनं, त्याला पहारीनं ठेचून मारलं. कॉम्प्युटरचाही चुरा केला.

एंटर.

चालू...

शेजारचा तेजस हसला. "मॅडम, फुकटची लायब्ररी. उत्तरही फुकटचंच."

तिनं रंगनाथच्या बायकोला फोन लावला.

"हेमावहिनी, घरी नवा कॉम्प्युटर बसवलाय?"

"कसला कॉम्प्युटर? गुरुवार आहे, दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असते ना." हेमा कुजबुजत होती. "रुपाली, थोरले भावजी जामिनावर सुटलेत. साक्ष फिरव म्हणून आलेत. यांच्या खोलीत शिरले, तशी मी बाहेरून कडी घातली. पोलिसांना कळवलंय. पण दार मोडतंय गं..."

फोनमध्ये धडका ऐकू येत होत्या.

फोन सावरताना रुपालीचं बोट एंटरवर पडलं.

चालू.

आणि फोनमध्ये... वेगळाच आवाज. लाकडाचा नव्हे.

हाडाचा.

कोंडीराम किंचाळला. "कोण आहे इथं?"

शांतता.

मग दारावर पुन्हा धडक. बिजागरी निखळली.

"रुपाली," हेमा म्हणाली, "तिकडे बटण वाजलं तेव्हाच आत हे झालं. तू आत्ता काय केलंस?"

"रंगनाथची... साइट तपासली."

"पुन्हा तपास."

एंटर.

काहीतरी ओलं भिंतीवर आपटलं.

"अजून."

एंटर.

फरशीवर दात सांडल्यासारखा आवाज. "रंग्या, नको रे... रंग्या..."



या वेळी कुणी न सांगताच रुपालीनं एंटर दाबलं.

बंद.

पोलिसांनी कडी काढली. खोलीत कोंडीराम एकटाच होता. कवटी फुटलेली. डॉक्टरांनी लिहिलं, जखमा पहारीच्या. खोलीत पहार नव्हती. ती कोर्टाच्या ताब्यात होती, सीलबंद.

रुपालीनं तो प्रोग्रॅम पुसून टाकला.

परवा हेमाचा फोन आला. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग म्हणाली, "अगं, वरच्या मजल्यावरचा माणूस फार त्रास देतो. एकदा यांची साइट तपासून बघतेस का?"