तिच्या हातचा सांधा

तो हीटर जरा इकडे ओढा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एलिहिओ माझ्या साडूचा भाऊ, त्याच्याबद्दल खोटं बोलून मला काय मिळणार?

गोष्ट इथलीच, आपल्या हुआरेस शहरातली. गेल्या फेब्रुवारीतला पहिला मंगळवार. एक लांब केबल सकाळपर्यंत हवी होती, म्हणून एलिहिओ कारखान्यात एकटाच थांबला. बरिटो खाल्ला, तारा जोडायला सोल्डरिंगची कांडी तापवली, कामाला बसला.

लांब केबलला दोघं लागतात, दोन टोकांना. आपलं झालं की केबलला दोन हिसके द्यायचे, ही इथली रीतच. पलीकडच्या टोकाला वर्षानुवर्षं दोन्या ब्रिहिदा बसायची; मानानं सगळे तिला दोन्या म्हणायचे. तिचे सोल्डरचे सांधे कसे चकचकीत! याचे मळकट. सोल्डर गोठायच्या आत तार हलवायचा, धसमुसळा लेकाचा. याच्याच सांध्यामुळे एकदा माल परत आला, तर यानं बोट तिच्याकडे दाखवलं. तिची नोकरी गेली, नोकरीबरोबर कामगारांचा फुकट दवाखाना गेला, आणि आजारी बाई नाताळाआधी वारलीच. कारखान्यातून निघताना याला म्हणाली होती, "माझा सांधा कसा असतो, ते तुझ्याच हातावर दाखवीन सगळ्यांना."

तर त्या रात्री यानं पहिला सांधा केला. केबलला हिसका बसला. मग दुसरा हिसका.

"कोण आहे रे?"

...

याला वाटलं, पहारेकरी. "चेष्टा पुरे हां! तिकडे येऊन थोबाडीन!"

पलीकडे अंधार. खुर्ची रिकामी. यानं पुन्हा सोल्डर लावलं. गोठायच्या आत... तार हलली. पुन्हा लावलं. पुन्हा हलली.

मग केबल ताठ झाली. सरकायला लागली. पलीकडे. याच्या मनगटाला वेढा बसला. खुर्ची पडली. हा फरफटत...

"दोन्या, चुकलो... तो सांधा माझाच होता... माझाच..."

अंधारात धूर दिसला. सोल्डरचा.

आणि...

सकाळी पहिल्या पाळीच्या बायकांना हा तिच्या खुर्चीत सापडला. वाचा बसलेली; ती परत आली तेव्हाच त्यानं रात्रीचं हे सगळं सांगितलं. मनगटाभोवती तांब्याची तार रुतलेली, दोन्ही टोकं सोल्डरनं जोडलेली. कातडीला साधा चटकाही नाही. तिच्या टोकाची कांडी तर कपाटात कुलुपात होती.

सुपरवायझरनं तार कापली, सांधा भिंगाखाली धरला आणि लगेच ओळखला. असा चकचकीत सांधा त्या कारखान्यात एकच बाई करायची. तिला कामावरून काढणारा हाच सुपरवायझर.