सर्दीचा कोठा

"थोडा सर्दीचा कोठा आहे हो हिचा," आई डॉक्टर मॅडमना म्हणाली.

तातडीच्या विभागात दोन नंबरच्या खाटेवर मासोळी ताठ बसली होती... अंगावर ठेवणीतले कपडे, केसांत डझनभर पिना, आणि प्रत्येक श्वासाला गळ्यापाशी खोल आत ओढली जाणारी कातडी. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, म्हणून जो तो तिला मासोळीच म्हणायचा. आज दुपारी तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मावशीने सेंटची अख्खी बाटली अंगावर रिकामी केली असावी. मासोळीची छाती शिट्ट्या मारायला लागली, आणि पंप? पंप आतल्या कपाटात, टॉवेलांच्या मागे. आईनेच ठेवला होता. दमा या शब्दालाच त्या घरात बंदी होती. सर्दीचा कोठा म्हटलं की कसं, ऐकायला सभ्य वाटतं!

"एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मासोळीने बोट उगारलं. "कोठा... नाही." श्वास. "दमा." श्वास. "द-मा!"

"एकेक शब्द येतोय. बरंच वाढलंय," मॅडम सिस्टरना म्हणाल्या. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागला, शिरेत इंजेक्शन गेलं, ऑक्सिजनवर औषधाची वाफ सुरू झाली आणि तोंडावर मास्क चढला. "आता अजिबात बोलायचं नाही, कळलं?"

शेजारच्या खाटेवरून टाळ्या ऐकू आल्या. तीनच, पण मनापासून.

तिने मान वळवली. एक तरुण, तोंडावर तसाच मास्क, आणि वाफेच्या वर दोन मिश्कील डोळे. शर्टाच्या खिशात, लोक जिथे पेन अडकवतात तिथे, त्याचा निळा पंप होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा! मासोळी त्या खिशाकडे बघतच राहिली.

त्याने केसपेपरच्या पाठीमागे काहीतरी खरडलं आणि कागद तिच्यासमोर धरला. 'दम आहे तुमच्यात.'

तिने पेन हिसकावलं. 'म्हणूनच तर दमा आहे.'

तो मास्कच्या आत इतका हसला की खोकत सुटला, आणि सिस्टरनी दोघांनाही सज्जड दम दिला.

वीस मिनिटांनी दुसरी वाफ, आणखी वीस मिनिटांनी तिसरी. मधल्या वेळात कागद इकडून तिकडे, तिकडून इकडे... ती पोहायला शिकवते, हेही त्याला त्यातूनच कळलं.

'पंप असा उघड्यावर ठेवता? मुली नाही म्हणत नाहीत?' तिने विचारलं.

'तिघी म्हणाल्या. लपवला असता तर चौथी हो म्हणाली असती. मग जन्मभर दाराला कडी लावून पंप ओढायचा!'

तिला ते वाक्य फार लागलं. तिच्या पुढ्यात हेच तर वाढून ठेवलं होतं. आज ती गप्प बसली, तर सासरी पुन्हा एक कपाट, पुन्हा टॉवेल. आणि एखाद्या दिवशी त्या कपाटापर्यंत पोचण्याइतका श्वासच उरला नाही तर? मेले तरी चालेल पण कळता कामा नये, असा कसला हा थाट? तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तासाभराने शिट्ट्या विरळ झाल्या. मॅडमनी दोघांनाही मास्क उतरवून श्वासाचा जोर मोजणाऱ्या आकड्यांच्या नळीत फुंकायला लावलं. तिचे दोनशे साठ आले, त्याचे तीनशे.

"पोहणाऱ्यांना बसस्टँडने हरवलं!" तो पहिल्यांदाच तोंडाने बोलला.

तो भरदार आवाज ऐकून ती चमकली. "अहो... फलाट क्रमांक चार? ते तुम्ही?"

"तोच मी. गाड्यांची घोषणा करतो. रोज ऐकता आणि ओळख आज देता?"

"रोज माझी गाडी उशिरा येणार म्हणून सांगता. रोज चिडते मी तुमच्यावर!"

"मग एकदा समोर येऊन चिडा ना..."

ती लाजली. चक्क लाजली! तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईने भिंतीकडे तोंड केलं. "पित्त उसळलं हो तिचं, दुसरं काही नाही. आता अगदी ठणठणीत आहे. उद्या या ना परत."

"आई, फोन दे."

"अगं, बोलून त्रास होईल—"

"होऊ दे." तिने फोन काढूनच घेतला. "मावशी, मला लहानपणापासून दमा आहे, आज तुमच्यासमोर पंप ओढला नाही ही माझी चूक झाली, आणि ती जन्मभर करायची माझी तयारी नाही, तेव्हा उद्या येऊ नका."

मध्ये एकदाही श्वास घ्यावा लागला नाही. डॉक्टर मॅडमनी तिच्या कागदावर बरोबरची खूण केली.

"केलंस वाटोळं!" आई स्टुलावर मटकन बसली. "आता कोण करून घेणार तुला?"

शेजारची खाट खाकरली. "परवा मला छातीच्या ओपीडीत बोलावलंय. तुम्हालाही बोलावतीलच. तपासणी झाल्यावर जरा... म्हणजे आईंची परवानगी असेल तर—"

"आईला कशाला? मला विचारा."

दिवसभर माइकवर बोलणारा तो माणूस कुजबुजला. "तर मग... बसाल माझ्याबरोबर? थोडा वेळ?"

"थोडा नाही, चांगला तासभर बसेन. आवडलात तुम्ही मला. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे?"

त्याने दोन खाटांच्या मधून हात पुढे केला. हात थरथरत होता. "औषधाने होतं असं," तो घाईघाईने म्हणाला.

"माझाही औषधानेच," ती म्हणाली. निम्मं खोटं होतं ते. तिने त्याचा हात धरला.

"आई बघताहेत..." तो पुटपुटला.

"बघू दे," ती म्हणाली, आणि पकड घट्ट केली.