उपटलेले पीस, सोडलेला पक्षी

नोहेआला कोणाला विचारायची सवयच नाही. घरातली अहू-उला, म्हणजे जुन्या सरदारांची पिसांची शाल, जिच्यावर साध्या माणसाची सावलीही पडू देत नसत, तिच्यातून या पोरीने एक पिवळे पीस परस्पर उपटून नेले होते. वर त्याचा थांगपत्ता लागू दिला नाही. आणि आज सकाळी तिची आजी कापुआ ओसरीवर उकडलेले अळूकंद सोलत होती, तेव्हा ही झाकलेला पिंजरा घेऊन दारात उभी!

“तुतू, आधी बघ. मग शिव्या दे,” नोहेआ म्हणाली. हवाई बेटांवर आजीला तुतू म्हणतात.

“शिव्या मला हव्या तेव्हा देईन. तुझ्या सोयीनं नाही.”

नोहेआने कापड काढले. आत एक काळाभोर पक्षी होता. त्याने पंख झटकले, तशी पंखांखालून दोन पिवळ्या ज्वाळा उसळल्या.

कापुआच्या हातातला कंद गळून पडला. ओओ! मौना केआ डोंगराच्या रानातून हा पक्षी कधीचाच संपला होता. कापुआच्या आजीनेही तो पाहिला नव्हता. उरली होती फक्त शालीतली पिसे. सालीच्या दोऱ्याच्या जाळीवर, पूर्वजांची नावे गात गात गाठीगाठीने बांधलेली.

“कुठून आणलास हा?”

“त्या पिसातून.”

पिसाच्या मुळाशी एक सुकलेला कण राहिला होता. त्यात जनुकलेख होता, म्हणजे पक्षी कसा घडायचा याचा मजकूर. नोहेआ काम करायची त्या प्रयोगशाळेने तो वाचला, पुसलेली अक्षरे जुळवली आणि दुसऱ्या जातीच्या पाखराच्या अंड्यात उतरवला.

कापुआ उठली आणि शालीपुढे वाकावे तशी पिंजऱ्यापुढे वाकली. पक्ष्याने मान तिरकी करून तिला न्याहाळले.

“राजांच्या खांद्यावर होतास रे, बाबा,” ती पुटपुटली.

“आणखी पक्षी घडवायचे तर जिवंत पेशी लागतील,” नोहेआ म्हणाली. “याची एकदोन पिसं उपटायची आहेत. ती तुझ्या हातून उपटली जावीत, म्हणून आले.”

कापुआने हात धुतले. पक्षी मुठीत घेतला. केवढेसे ते काळीज, पण तिचा सगळा हात त्याच्या ठोक्यांनी थरथरत होता. तिने पूर्वजांची नावे घेतली आणि पंखाखालची दोन पिसे अलगद ओढली. नोहेआने ती कुपीत घातली, पिंजऱ्याचे दार उघडे धरले.

कापुआ मात्र अंगणाकडे वळली.

“तुतू, नको! जगात एकच आहे!”

“आपले लोक फांदीला चीक लावून ओओ धरायचे. पिवळं पीस घ्यायचे, पक्षी सोडायचे.”

“काहीजण भाजून खायचेही!”

“खाणारे खात असतील. आपल्या घराण्यात सोडायचे.”

“रानात डास आहेत, तुतू. डासांच्या तापानं यांचा घात केला. त्या तापावरचा उतारा मी याच्या रक्तात घातलाय, पण रानात कधी तपासलेला नाही. मेला तर?”

कापुआ थांबली. मुठीतले काळीज धडधडत होते. तिने एकदा आकाशाकडे पाहिले आणि मूठ उघडली.

पक्षी क्षणभर तिच्या मनगटावर बसला. मग उडाला, कुंपणापलीकडच्या ओहिआ झाडाच्या लाल फुलांत शिरला आणि ओरडला. दोनच सूर, घंटेसारखे. आज जिवंत असलेल्या कोणीही ते रानात ऐकले नव्हते. रस्त्यावरून जाणारा शेजारी ट्रक थांबवून खाली उतरला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

नोहेआ तोंडावर हात धरून रडत होती, की हसत होती, कोण जाणे. रिकामा पिंजरा तिच्या पायाशी होता.

“पीस घ्यावं, पक्षी सोडावा, तरच त्याची शाल होते, नोहेआ. नाहीतर ती लूट,” कापुआ म्हणाली. “हा मेला तर पाप माझ्या माथी, मी नाही म्हणणार नाही. पण तुझ्या पिंजऱ्यात म्हातारा झाला असता, तर याला जिवंत केलं असं तू कोणत्या तोंडानं सांगितलं असतंस?”