चोवीस किलोचा घड

रेहान मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो केळीच्या घडाला मिठी मारून उभा होता. डोळे मिटलेले, कपाळावर घाम... आणि समोर एक बाई घड्याळ धरून सांगत होत्या, "घट्ट धर. सोडायचं नाही. अजून वीस सेकंद!"

चुकीचं दार उघडलं असं समजून मी मागे फिरले.

"या ना आत," घडामागून आवाज आला. "लाजू नका. आमचं रोजचंच आहे हे."

"रेहान, बोलू नकोस. श्वास घे."

मी जीनत. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या मागावर काम करायचे. मार्चमध्ये उजव्या हाताची दोन बोटं मागात अडकली. टाके निघाले, पण बोटं काही माझं ऐकेनात. म्हणून मला या केंद्रात पाठवलं होतं. जखमी कामगाराला पुन्हा कामावर उभं करणारं केंद्र... आणि तेही पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून! कंबर मोडलेला माणूस वर पोचला की अर्धा बरा झालाच म्हणून समजायचं.

घड्याळवाल्या त्या किरण मॅडम, धुळ्याच्या देवपूरच्या. त्यांचं एकच म्हणणं – ज्याचं जे काम, तोच त्याचा व्यायाम. रेहान रावेरच्या बागांमधून केळीचे घड खांद्यावर वाहायचा. चिखलात पाय घसरला, खांदा निखळला. आता चोवीस किलोचा घड नीट पेलला तर काम परत. नाही पेलला, तर त्याच्या जागी बदली म्हणून आलेला माणूस कायमचा. मॅडमनी खरा घड मागवला, काट्यावर ठेवला आणि रेहानच्या कार्डावर ठसठशीत लिहिलं – २४ किलो.

फक्त बाहेर मे महिना चालू आहे हे त्या विसरल्या. चौथ्या दिवशी घड पिकला.

"वाया कशाला घालवायचा?" मॅडम मला म्हणाल्या. "केळं सोलणं हा बोटांसाठी फार चांगला व्यायाम आहे. रोज बारा सोल. भिंतीकडच्या बाजूची घे म्हणजे घड बरा दिसेल."

मी सोलू लागले. खायला तोताराम आबा होतेच. साक्रीकडचे, डाळ मिलमध्ये पोती वाहून पाठ धरलेली. खाटेवर आडवे पडून हात पुढे करायचे.

"पोरी, हाई केळं कच्चं शे. दुसरं सोल."

"आबा, हे सहावं."

"मी तुनासाठी खाई राहिनू. तुना बोटंसले व्यायाम नको का?"

पहिलं केळं सोलायला मला नऊ मिनिटं लागली. रेहान समोर उभा राहून बघत होता.

"काय बघताय?"

"काही नाही... ते केळं जरा घाबरलंय, एवढंच."

"तुमच्या घडापेक्षा कमीच घाबरलंय. तो तर तुम्हाला बघून पिवळा पडला!"

तो हसला. हसताना डावा खांदा थोडा वर जायचा त्याचा. मी उगाच बघितलं... म्हणजे, दिसलं.

इकडे रेहानची प्रगती डोळे दिपवणारी. पाचव्या दिवशी घड घेऊन दोन फेऱ्या. सातव्या दिवशी आठ. नवव्या दिवशी तर तो घड खांद्यावर घेऊन माझ्याशी गप्पा मारत उभा राहिला. मॅडमनी आनंदाने कार्डावर तीन वेळा खूण केली आणि रावेरच्या झुलाल मुकादमांना फोन लावला – "माणूस तयार आहे. सोमवारी ताजा घड घेऊन या आणि बघा."

मॅडमचं लक्ष घड्याळाकडे, आबांचं केळ्यांकडे, माझं... जाऊ दे. घडाकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं.

शनिवारी सोलायला केळं ओढलं तर अख्खा घड हुकावरून निसटला. मी दचकून धरला आणि धरूनच राहिले. माझ्या त्या हाताने! ज्या हाताला कालपर्यंत भरलेला तांब्या पेलत नव्हता!

काट्यावर ठेवला. नऊ किलो.

पंधरा किलो मी सोलले होते... आणि सोमवारी मुकादम ताजा घड घेऊन येणार होते!

रेहान पायऱ्यांवर चप्पल घालत होता. मी धावत गाठलं.

"तो घड – नऊच किलोचा आहे. माझ्यामुळे. तुम्हाला कळलं कसं नाही?"

त्याने चपलेचा पट्टा उगाच दोनदा लावला.

"सात वर्षं घड वाहतोय मी. खांद्यावर आला की किलो सांगतो."

"म्हणजे... माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मॅडमनी सोलणं बंद केलं असतं." तो अजूनही चपलेकडेच बघत होता. "नऊ मिनिटं लागत होती तुम्हाला. काल चाळीस सेकंद. मी मोजत होतो."

मला रडू आलं, आणि रागही.

"वेडे आहात! काम जाईल ना तुमचं!"

"हो... त्याचा विचार उशिरा आला."

मी त्याला बाहीला धरून वर नेलं आणि मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी आधी कार्डाकडे बघितलं, मग आबांच्या पोटाकडे. मग वाळूच्या पिशव्या काढून खरीखुरी परीक्षा घेतली. अठरा किलोपर्यंत खांदा स्थिर होता. वीसला थरथरला.

त्यांनी तिथूनच मुकादमांना फोन केला. चूक आमची, म्हणाल्या. तीन आठवडे अर्धा दिवस आणि लहान घड दिलेत तर माणूस पक्का उभा राहील.

"असं अर्धं-मुर्धं नाही चालत आमच्यात," फोनमधून आवाज खणखणीत आला. "सोमवारी घड आणतो. उचलला तर ठीक, नाहीतर बदलीवाला आहेच."

रविवारभर मी घरी एकही केळं बघू शकले नाही.

सोमवारी झुलाल मुकादम आले ते चोवीस किलोचा घड स्वतःच्या खांद्यावर घेऊनच. पन्नाशीतला माणूस, जाड मिशा. खालून ओरडले, "पाह्य रे रेहान, मी म्हतारा झालो तरी कसा आणतो ते!"

अठरा पायऱ्या रुबाबात चढले. एकोणिसाव्या पायरीवर "अरे –" म्हणाले आणि कमरेत वाकले ते तसेच राहिले. घड कलंडायला लागला.

रेहान खाली झेपावला. घड खांद्यावर घेतला, उरलेल्या तीन पायऱ्या चढला, हळूच जमिनीवर टेकवला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "बस. आज एवढंच जमतंय, मुकादम. खोटं नाही सांगत."

मॅडमनी त्याचा खांदा चाचपला. जागेवर होता.

मुकादमांना आबांच्या शेजारच्या खाटेवर पालथं घातलं.

"तीन आठवडे वजन उचलायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग मले काम कसं जमीन?"

"जमेल की. अर्धा दिवस करा. हळूहळू वाढवा."

आबांनी चावणं थांबवलं. मुकादमांनी मान वळवून रेहानकडे बघितलं.

"अर्धा दिवस... लहान घड?"

"हो," रेहान म्हणाला.

"आन् माह्याबद्दल बागेत कोनाले सांगशीन?"

"नाही."

"मंग ये उद्यापासून."

आबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि मग सगळ्यांना ओरडल्या की व्यायाम सुरू करा.

संध्याकाळी आम्ही दोघं बरोबर उतरलो. रेहान प्रत्येक पायरीवर थांबत होता.

"उद्यापासून मी नाही इथे," तो म्हणाला.

"माहीत आहे... बरं झालं."

"दुपारी एकला सुटेन रोज. रावेरहून जळगावला यायला दीड तास लागतो."

"यायचं कशाला? व्यायाम तर झाला."

"व्यायामाला नाही."

मी माझ्या बोटांकडे बघत राहिले.

"तीन आठवड्यांनी पूर्ण दिवस काम. मग नाही यायला जमणार," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं, त्याच्या आत... अम्मीला तुमच्या घरी पाठवू का?"



"शुक्रवारी पाठव," मी म्हटलं. "अब्बा दुपारी घरी असतात."

रेहान खालच्या पायरीवर मटकन बसला.

"काय झालं? खांदा?"

"नाही... पाय."

मग मीही त्याच्या शेजारी बसले.